आखाजीपर्यंत टिकतील का या पापण्या?

अमळनेर तालुक्यातल्या एका वाचक मैत्रिणीचं पत्र आहे. वय 26, लग्नाला दीड वर्ष झालंय, शाळेत शिकवते, चष्मा आहे. नणंदेच्या लग्नासाठी तिने धुळ्याच्या एका पार्लरमध्ये पहिल्यांदाच लॅश एक्स्टेन्शन (पापणीच्या एकेका केसाला ग्लूने कृत्रिम धागा चिकटवणं) करून घेतलं, तीन हजार रुपये मोजले. ‘आठवडाभर पाणी लागू द्यायचं नाही, नंतरही डोळे धुवायच्या फंदात पडू नका’ असं तिथे बजावलं. म्हणून आज बारा दिवस झाले तरी ती ओल्या रुमालाने डोळ्यांच्या अवतीभवतीचा चेहरा तेवढा पुसते. आता कडांना खाज सुटते, सकाळी चिपडं येतात, उजव्या डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यात टोचतं आणि उशीवर रोज दोन-चार केस सापडतात. सासूबाई म्हणतात, रात्री एरंडेल लाव, सकाळी सगळं सुटून येईल. घरात तिने ‘हा मस्कारा आहे’ असं सांगून ठेवलंय. तीन आठवड्यांवर आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया आहे. माहेरी जायचंय, सगळ्या मैत्रिणी येणार आहेत. तिचे प्रश्न तीन: तोवर या पापण्या टिकवायच्या कशा, टिकणार नसतील तर घरच्या घरी काढायच्या कशा, आणि आपले स्वतःचे केस कायमचे गेले की काय?

*

अगं, आधी उठ आणि डोळे धू. बाकीचं नंतर वाचलंस तरी चालेल. कसे धुवायचे ते विचारशील, तर ते खाली सांगितलंय, तेवढं वाचून जा हवं तर.

तुला ‘पाणी लावू नका’ म्हणणाऱ्या बाईवर मला रागावता येत नाही, कारण एके काळी मीही हेच सांगत असे. जळगावात बावीस वर्षं माझं पार्लर होतं. थ्रेडिंग, फेशियल, नवरीचा मेकअप यात हात बसलेला होता. लॅशेसचं काम फार मागाहून आलं, तेही दोन दिवसांच्या ट्रेनिंगवर. तिथे जे कानावर पडलं ते मी तसंच्या तसं गिऱ्हाइकांच्या कानावर घालायचे. एक मुलगी होती, सांगितलेलं अक्षर न् अक्षर पाळणारी. तीन आठवड्यांनी रिफिलला, म्हणजे गळालेल्या धाग्यांच्या जागी नवे लावून घ्यायला आली. तिला आडवं झोपवून भिंगाचा दिवा वर ओढला, तर प्रत्येक केसाच्या बुडाशी पिवळसर कोंड्याचं कडं, बाजरीच्या दाण्याला भूस चिकटून राहावं तसं. चिमट्याने एक केस जरा बाजूला केला, तर खालची कातडी लालबुंद. त्या दिवशी रिफिल केलं नाही. सगळं काढून दिलं आणि पैसे घेतले नाहीत. ती बिचारी मलाच समजावत होती, “मॅडम, मी एकदाही पाणी लागू दिलं नव्हतं हो!”

हा पाण्याचा धाक येतो कुठून? लॅशेसचा ग्लू असतो सायनोॲक्रिलेटचा. चपलेचा पट्टा किंवा कपाचा तुटलेला कान चिकटवायला आपण जी छोटी ट्यूब आणतो ना, तिच्याच कुळातला. फक्त डोळ्यांजवळच्या कामासाठी वेगळा बनवलेला. आता गंमत बघ, हा ग्लू वाळतो तोच मुळी ओलाव्याने. हवेतली वाफ मिळाली की तो धरतो. अगदी ताजा असताना एकदम खूप पाणी किंवा वाफ मिळाली, तर वरवर घाईने कडक होतो, पांढरा पडतो आणि ठिसूळ होतो. म्हणून पहिले 24 तास, फार तर 48, जपायचं. त्यानंतर पाण्याशी त्याचं काही वैर नाही. ‘दोन दिवस’चे ‘आठवडाभर’ झाले आणि ‘आठवडाभर’चं ‘कधीच नाही’ झालं, ते आम्हा पार्लरवाल्यांच्या तोंडून तोंडी फिरताना.

आणि न धुतल्याने काय होतं, ते तू स्वतःच पत्रात लिहिलंयस. पापणीच्या कडेला तेलाच्या बारीक ग्रंथींची रांग असते. त्यांच्यातून येणारा थेंब थेंब स्निग्धपणा अश्रूंवर पसरतो, म्हणून डोळा लगेच कोरडा पडत नाही. त्यांची तोंडं मळाने, घामाने, वाळलेल्या कातडीने बुजली की डोळा कोरडा पडतो, खाजतो, कधी रांजणवाडी येते. केसांच्या मुळाशी डेमोडेक्स नावाचे डोळ्यांना न दिसणारे किडे बहुतेक मोठ्या माणसांना असतातच. एरवी ते निमूट असतात, पण मळ साचला की वाढतात. कडेच्या या सुजेला डॉक्टर ब्लेफरायटिस म्हणतात. तुला तोच झालाय असं मी पत्रावरून ठरवणार नाही, पण खाज आणि सकाळची चिपडं त्याच वाटेने चालली आहेत. त्यात आपला उन्हाळा. अमळनेरच्या रस्त्यावर दुपारी स्कूटी घेऊन गेलं की परत येईतो भुवयांवर मातीची रेघ दिसते. ती माती पापण्यांवरही बसतेच की. एक्स्टेन्शन असलं की दुप्पट बसते, कारण अडकायला दुप्पट काड्या!

तर धुण्याची रीत. हात साबणाने स्वच्छ कर, नखं कापलेली असू देत. लॅशेससाठी तेल नसलेलं फोमचं क्लिन्झर मिळतं, ते उत्तम. नाहीच मिळालं तर वाटीभर उकळून गार केलेल्या पाण्यात बेबी शॅम्पूचे दोन थेंब. हा दोन-चार दिवसांचा जुगाड आहे, कायमची सोय नाही. डोळे मिट. फेस बोटाच्या पेरावर घे आणि पापणीच्या कडेवर, म्हणजे केस जिथून निघतात बरोब्बर तिथे, अलगद ठेव. घासायचं नाही, बोट आडवं फिरवायचं नाही. वरच्या पापणीवर वरून खाली, खालच्या पापणीवर खालून वर, दोन्हीकडून कडेच्या दिशेने. मऊ ब्रश असेल तर त्याने, लहान बाळाच्या टाळूवरून हात फिरवतो तितक्या हलक्या हाताने. मग ओंजळीतलं पाणी कपाळावरून ओघळू दे. नळाची धार थेट डोळ्यांवर घेऊ नकोस. तुमच्याकडे बोअरचं जड पाणी असेल, तर शेवटचं पाणी फिल्टरचं घे, म्हणजे क्षाराची पांढरी पुटं बसणार नाहीत. टिपायला टॉवेल नको, कापूस तर नकोच. कापसाचा एकेक तंतू एक्स्टेन्शनमध्ये असा अडकतो की सोडवता सोडवता चार केस हातात येतात. (कापसाच्या मुलखात राहून कापूस वर्ज्य सांगायची वेळ आली!) धागे न सुटणाऱ्या सुती रुमालाने किंवा टिश्यूने नुसतं दाबून टिप, पाच मिनिटं तसंच वाळू दे, आणि मग स्पूली, ती बाटलीतल्या मस्काऱ्यासारखी कोरडी ब्रशी, अर्ध्यापासून टोकाकडे एक-दोनदा फिरव. बुडापासून नाही.

पहिल्या दिवशी कोंडा एकदम निघणार नाही. नखाने खरवडायचा मोह होईल, तो आवर. सकाळ-संध्याकाळ असं धुतलंस की तीन-चार दिवसांत कडा मोकळ्या होतात. एक्स्टेन्शन असणाऱ्या प्रत्येकीने दिवसातून निदान एकदा हे करायचं असतं, आणि तुझ्यासारखी धुळीत येजा करणारी असेल तर घरी आल्या आल्या.

आता उशीवरचे केस. ते बघून तू घाबरलीस, साहजिक आहे. पण उद्या सकाळी त्यातला एक पांढऱ्या कागदावर ठेव आणि चष्मा लावून नीट बघ. जाड काळ्या धाग्याला एक बारीकसा, एका टोकाला इवलासा पांढरा ठिपका असलेला केस चिकटलेला दिसेल. तो बारीक केस तुझा. तो गळायचाच होता. वरच्या पापणीला साधारण 90 ते 150 केस असतात, प्रत्येकाचं आयुष्य काही महिन्यांचं. वाढतो, थांबतो, गळतो, त्याच जागी दुसरा येतो. रोज एका ते पाच केसांचं गळणं हा सगळ्यांचाच हिशोब आहे. एरवी ते तोंड धुताना वाहून जातात, आपल्याला पत्ताही लागत नाही. आता ते काळे, जाड, तीन हजारांचे होऊन उशीवर पडतात म्हणून डोळ्यात भरतात. तेव्हा केस कायमचे गेले नाहीत. धाग्याला तुझा केसच नसेल, नुसता ग्लूचा मणी असेल, तर चिकटवण्यात कसर होती एवढंच. मात्र एकाच जागी तुळतुळीत पट्टा दिसायला लागला, किंवा अर्धवट तुटलेले केस दिसले, तर तिथे ओढ बसते आहे असं समज. ती ओढ महिनोन्महिने राहिली तर मूळच दमतं, आणि मग केस परत यायला कुरकुर करतात, क्वचित येतच नाहीत.

त्यावरून तुझा उजवा कोपरा. पत्रातल्या सगळ्या तक्रारींमध्ये मला ही जास्त खटकली. नीट केलेल्या कामात एका केसाला एकच एक्स्टेन्शन असतं, फार तर व्हॉल्यूम नावाच्या दाट प्रकारात बारीक धाग्यांचा पंखा, पण तोही एकाच केसावर. शेजारचे दोन-तीन केस ग्लूने एकमेकांना चिकटले की गडबड होते. प्रत्येक केस आपापल्या गतीने वाढतो. एक पुढे निघाला, दुसरा जागेवर थांबला, की पुढचा मागच्याला मुळापासून ओढतो. हे टोचणं त्याचंच असतं बहुधा, आणि कुशीवर झोपलं की वाढतं. लग्नसराईत एका दिवसात पाच-सहा जणींचं काम उरकायचं असलं की कोपऱ्यातच घाई होते. मीही केली आहे. ताडून बघायचं असेल तर धुऊन वाळल्यावर स्पूली अगदी हळू त्या कोपऱ्यात फिरव. सगळे केस सुटे सुटे हलले तर ठीक. तीन-चार मिळून एका काडीसारखे हलले, तर ते चिकटलेत. ते तू सोडवायचे नाहीत. पार्लरमध्ये फोन करून सांग, “कोपऱ्यातले केस एकमेकांना चिकटलेत, तेवढे रिमूव्हरने सोडवून द्या.” चांगली टेक्निशियन याचे पैसे मागत नाही.

सासूबाईंच्या एरंडेलाबद्दल. ग्लू तेलाने एका रात्रीत सुटत नाही. हळूहळू पकड सैल होते, म्हणून बहुतेक टेक्निशियन एक्स्टेन्शनजवळ तेल आणू नका म्हणतात, मीही म्हणते. पण तुझ्या बाबतीत खरा धोका वेगळा आहे. रात्रभर तेल लावून सकाळी अर्धवट सैल झालेले धागे तू बोटांनी ओढणार. आणि आधीच बुजलेल्या ग्रंथींवर वरून आणखी तेलाचा थर. एरंडेलाने पापण्या दाट होतात हेही आपण पिढ्यानपिढ्या ऐकतो. त्याला भरवशाचा पुरावा मी तरी पाहिलेला नाही. म्हणून ते एरंडेल सध्या केसांना लाव, डोळ्यांना नको. तुपाच्या काजळीचं घरचं काजळ, वॉटरप्रूफ मस्कारा, मेकअप काढायचं तेलकट लोशन, ही सगळी याच रांगेतली. हळदीच्या दिवशी नवरीबरोबर करवल्यांच्याही तोंडाला तेल-हळद फासतात. पुढच्या लग्नात हे लक्षात ठेव: हळद आधी, लॅशेस नंतर.

तेलापेक्षाही आपल्याकडे जपायचं ते आगीला. हे धागे ‘मिंक’, ‘सिल्क’ अशा रुबाबदार नावांनी विकले जातात, पण बहुतेक असतात पॉलिस्टरच्या जातीचे. आखाजीला माहेरी खापरावरचे मांडे होणारच. खापरावर मांडा टाकताना चुलीच्या अंगाला वाकलीस आणि धगीचा झोत तोंडावर आला, की टोकं आखडून त्यांचे बारीक गोळे होतात. तेच भट्टीसमोर वाकताना, तेच गॅसवर वांगं भाजताना. चटका डोळ्याला बसत नाही, पण गोळा झालेलं टोक पापणीला टोचत राहतं. तेव्हा यंदा मांडे हातावर फिरवायचं काम तू घे, खापरावर वहिनीला बसव.

आता मूळ प्रश्न, आखाजीपर्यंत टिकतील का? साधा हिशोब करू. समज एका डोळ्यावर 90 लावले होते. रोज दोन-तीन गळाले तर बारा दिवसांत तिसरा हिस्सा गेला. आखाजीला तेहतीस दिवस होतील, म्हणजे बहुतेक सगळेच गेलेले असतील. कितीही जपलं तरी. म्हणून तर दोन-तीन आठवड्यांनी रिफिल करतात. तेव्हा ‘जपून टिकवणं’ हा मार्गच नाही, तो तू मनातून काढून टाक. मार्ग दोन उरतात: रिफिल करणं किंवा काढून टाकणं. आणि कडा लाल, खाजऱ्या असताना रिफिल करू नये. सुजलेल्या कातडीवर पुन्हा ग्लूची वाफ आणि दीड-दोन तास चिकटपट्ट्या, हे मी माझ्या मुलीला करू देणार नाही.

मला एक विचारू दे. तुला या पापण्या खरंच आवडताहेत का, की तीन हजार गेले म्हणून त्या आखाजीपर्यंत पुरवायच्या आहेत? पत्रात पैशांचा आकडा दोनदा आलाय, आरशात बघून छान वाटलं असं एकदाही नाही. ते पैसे नणंदेच्या लग्नासाठी होते. लग्न झालं, फोटो आले, पैसे वसूल. आता टोचणाऱ्या डोळ्याने तीन आठवडे काढून त्यातून आणखी काय वसूल होणार आहे? आणि आवडत असतील, तर तसं खुशाल म्हण. हौस ही काही लपवायची गोष्ट नाही. मग आता काढून घे, कडा पूर्ण बऱ्या होऊ देत, आणि आखाजीच्या दोन-तीन दिवस आधी, डोळे शांत असतील तरच, नव्याने लाव.

लावलेसच तर लांबी कमी सांग. तुझ्या चष्म्याच्या काचेवर टोकं घासतात असं तू ओझरतं लिहिलंयस, पण ते ओझरतं नाही. स्वतःच्या केसापेक्षा दोन-तीन मिलिमीटर जास्त, त्यापुढे नको. 2015 साली अमेरिकेतल्या जॉर्जिया टेकच्या संशोधकांनी 22 जातींच्या सस्तन प्राण्यांच्या पापण्या मोजल्या. डोळ्याच्या रुंदीच्या साधारण एक तृतीयांश लांबीचा केस वारा आणि धूळ सर्वांत चांगली अडवतो, असं त्यांना दिसलं. त्याहून लांब केस उलट वाऱ्याचा झोत डोळ्याकडे वळवतात, आणि अश्रू लवकर वाळतात. वाऱ्याच्या बोगद्यात कृत्रिम डोळा ठेवून केलेला प्रयोग आहे तो. आपल्याकडे एप्रिल-मे हाच वाऱ्याचा बोगदा! कूलरसमोर झोपलं, उघड्या तोंडाने स्कूटी चालवली, की लांब पापण्यांच्या बायकांचे डोळे चुरचुरतात त्यात नवल नाही. स्कूटीवर गॉगल लाव, आणि स्कार्फ बांधताना वरची कड पापण्यांच्या टोकांना घासू देऊ नकोस. ती कड दिवसातून दोनदा, बारा दिवस घासली की ब्रशपेक्षा जास्त केस पाडते.

काढणं. घरी नाही. एवढी एक गोष्ट माझी ऐक. नेलपॉलिश रिमूव्हरने ग्लू सुटतो हे खरं, म्हणूनच कुणीतरी तुला ते सुचवेल. ते डोळ्यात गेलं तर काय होईल याचा विचारही नको. वाफ घेऊन ओढणं, कात्रीने कापणं, यात तुझाच केस जातो. पार्लरमध्ये खालच्या पापणीवर पॅड लावून क्रीम किंवा घट्ट जेलचं रिमूव्हर फक्त धाग्यांवर लावतात, काही मिनिटं थांबतात, आणि धागे ब्रशने उतरतात. ओढावे लागत नाहीत. पातळ, वाहणारं रिमूव्हर असेल तर नको म्हण. सगळं मिळून अर्धा तास. नंतर चार दिवस आरशात तुला तुझे डोळे भुंडे वाटतील. ते भुंडे नाहीत, तुझे पहिल्यासारखेच आहेत, नजरेला दाट बघायची सवय लागलेली असते. विरळ झालेली जागा दीड-दोन महिन्यांत बरीचशी भरते. धुळ्याला जाणं जमतच नसेल, तर काही करू नकोस. रोज धू, बाकीचं निसर्गावर सोड. सहा ते आठ आठवड्यांत आपोआप सगळे उतरतात.

डॉक्टरांकडे कधी जायचं? तीन-चार दिवस नीट धुऊनही खाज आणि चिपडं कमी झाली नाहीत, तर. उजेड सहन होत नसेल, नजर धूसर झाली, डोळ्याच्या आत दुखत असेल, पिवळा-हिरवा घट्ट स्राव येत असेल, तर तीन-चार दिवस थांबूही नकोस, त्याच दिवशी डोळ्यांचे डॉक्टर गाठ. पापण्या पुरीसारख्या फुगल्या आणि खाज भयंकर सुटली तर ती ग्लूची ॲलर्जी असू शकते. ती कधी काही तासांत, कधी दोन-तीन दिवसांनी उठते, आणि पुढच्या वेळी आणखी जोरात येते. असं झालेल्या बाईने एक्स्टेन्शनचा नाद सोडावा, आणि कधी ऑपरेशन झालं तर डॉक्टरांना तसं सांगावं, कारण जखम चिकटवायला वापरतात तो ग्लूही याच कुळातला असतो. आणि मेडिकलवाल्याला ‘डोळे आलेत, काहीतरी द्या’ म्हणून आणलेले ड्रॉप घालू नकोस. त्यात स्टेरॉइड निघालं तर दोन दिवस लाली जाते आणि माणूस खूश होऊन महिनोन्महिने घालत राहतो. त्याने डोळ्यातला दाब वाढतो, काचबिंदूपर्यंत जातं प्रकरण. गुलाबपाणी, मध, कुणाचाही घरगुती थेंब, सध्या काहीच नको.

हे पत्र वाचून आणखी कुणी लग्नासाठी लॅशेस करायच्या विचारात असेल, तर तिला सांगते: एका दिवसाच्या कार्यक्रमाला पट्टीच्या पापण्या पुरतात, रात्री काढून ठेवता येतात. ज्यांचे स्वतःचे केस बरे आहेत पण खाली झुकलेले, त्यांना लिफ्ट, म्हणजे आपलेच केस औषधाने वर वळवून घेणं, करून बघता येईल, पण त्यातही औषध डोळ्यांजवळ लागतंच. आणि एक्स्टेन्शनच करायचं असेल तर समारंभाच्या आदल्या दिवशी पहिल्यांदा कधीच नको. काही आठवडे आधी कानामागे नाही, तर पापणीवरच चार-पाच केस लावून दोन-तीन दिवस बघा. त्यानेही शंभर टक्के खात्री मिळत नाही, पण लग्नाच्या मांडवात डोळे सुजण्यापेक्षा बरं. पार्लर निवडताना ‘किती दिवस टिकतील’ हे सगळ्यात शेवटी विचारा. आधी विचारा, काढायचं रिमूव्हर तुमच्याकडे कुठलं आहे, आणि घरी धुवायचं कसं. दुसऱ्या प्रश्नाला ‘धुवायचंच नाही’ असं उत्तर आलं, तर चहा पिऊन घरी या.

राहिल्या सासूबाई. मस्कारा आहे म्हणालीस, पण बारा दिवस एकच मस्कारा झोपेतही टिकतो यावर त्यांचा विश्वास बसला असेल असं मला वाटत नाही. आपल्या बायकांना कणकेत मीठ किती पडलं ते वासावरून कळतं, पापणी कळणार नाही? तू लिहितेस, त्या सकाळी चहा देताना म्हणाल्या, “माय वो, डोयास्ले काय लाई लिन्हं?” (डोळ्यांना काय लावून घेतलंस?) त्यात तुला टोमणा दिसला. मला त्यात लाल झालेला डोळा पाहिलेली बाई दिसली. एरंडेलाबद्दल त्या चुकल्या, पण सगळं उतरवून टाक हे त्यांनी माझ्याआधी सांगितलंय, आणि तुझ्या डोळ्यात काहीतरी बिघडलंय हे घरात पहिल्यांदा त्यांनीच ओळखलं. मी चुकीचीही असेन. काही घरांत खरंच सुनेच्या नखाच्या रंगाचाही हिशोब होतो, ते मी पाहिलंय. तुझं घर तसं असेल तर तू ओळखतेस, मी नाही. पण रोज दोनदा मोरीत दार लावून फेस करत बसण्यापेक्षा, “आई, नणंदेच्या लग्नासाठी केलं होतं, आता काढायचंय” एवढं एक वाक्य बोलून बघ. किंमत विचारली तर खरी सांग. एक दिवस तोंड वाकडं होईल.

आणि शनिवारी अर्धी शाळा सुटली की धुळ्याला जाताना त्यांना सोबत ने. तुझं अर्ध्या तासाचं काम होईल, तोवर त्या बाहेर बसतील. आखाजीला घागर भरायची, पुजेची खरेदी करायची, त्यांचीही बाजारात कामं असतीलच. फोन मात्र आधी कर, आणि रिमूव्हर क्रीमचं आहे का तेवढं विचारून निघ.